भरतीच्या वेळेवर चालणारी नाव: खंबातच्या आखातातल्या खाड्यांबद्दल बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

नर्मदा परिक्रमेला निघालेली, कावी-कंबोईला दर्शनाला जाणारी किंवा दहेजला नोकरीनिमित्त ये-जा करणारी आपली बडोद्याची मराठी मंडळी हे प्रश्न सतत विचारतात. नाव अवेळी का सुटते, समोर काठ दिसत असताना तांडेल, म्हणजे नाव चालवणारा, वळसा का घेतो, एवढं मोठं जहाज गाळात रुतत कसं नाही, असे हे प्रश्न. त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे पान.

बडोद्याला समुद्र नाही. भरती-ओहोटीशी आपला काय संबंध?

वाटतं त्यापेक्षा बराच जवळचा आहे. काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालून वाहणारी आपली विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंबातच्या आखाताला. उत्तरेकडून मही त्याच आखातात उतरते, दक्षिणेकडून नर्मदा. या नद्यांच्या शेवटच्या टप्प्यात पाणी दिवसातून दोनदा उलटं फिरतं. समुद्राचं पाणी आत शिरतं, थांबतं आणि परत जातं. अशा पट्ट्यात नाव चालवायची तर नदीचं ज्ञान पुरत नाही आणि समुद्राचंही पुरत नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर जंबुसर तालुक्यातलं कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ गाठा. भरतीला पिंड पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. दर्शनाला जातो तसं तिथे दोन-तीन तास काठावर बसावं, असं मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. पुढचं सगळं त्यामुळे सोपं होतं.

इथे भरती एवढी मोठी का?

आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. दक्षिणेला तोंड रुंद, उत्तरेला खंबातकडे निमुळतं, आणि आत जाल तसा तळ उथळ. मोठ्या तोंडातून शिरलेलं पाणी कमी जागेत कोंबलं जातं आणि उंच चढतं. भावनगरला उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांच्या पातळ्यांत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. मुंबईला हाच फरक पाच मीटरच्या आसपास राहतो.

एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं, म्हणजे ओढ आलीच. आखातात उधाणाला पाच-सहा नॉटचे प्रवाह सहज असतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. सहा नॉट म्हणजे ताशी सुमारे अकरा किलोमीटर. ज्या नावेचा वेगच सहा नॉट आहे, ती अशा प्रवाहाविरुद्ध इंजिन पूर्ण जोरात चालवूनही जागच्या जागीच राहील.

भरती कधी येणार हे कसं ओळखायचं? आजोबा तिथीवरून सांगायचे, ते चालेल का?

कोकणातून आलेल्या घरांमध्ये हा हिशेब अजून पाठ असतो: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्याला तो बऱ्यापैकी जुळतो. खंबातच्या आखातात मात्र तसाच लावू नका. भरतीची लाट दक्षिणेकडून आत सरकत येते, त्यामुळे आखाताच्या आतल्या टोकाला पाणी मुंबईपेक्षा काही तास उशिरा भरतं. नदीत जितकं वर जाल तितका उशीर वाढतो.

तिथीचा उपयोग दुसऱ्या गोष्टीसाठी नक्की होतो. अमावस्या आणि पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, चढ-उतार कमी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आजची भरती उद्या साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते.

नेमकी वेळ हवी असेल तर छापील कोष्टकं असतात. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, त्यात वेळही असते आणि पाण्याची उंचीही. कोष्टक बघताना आधी बंदराचं नाव तपासा. भावनगरची वेळ वाचून विमलेश्वरला पोहोचलात तर उपयोग नाही.

परिक्रमेत विमलेश्वरहून नाव अवेळी का सोडतात?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परिक्रमावासीयाला नर्मदा मध्ये कुठेही ओलांडायची नसते. दक्षिण तटावरून चालत तो हांसोट तालुक्यातल्या विमलेश्वरला येतो, तिथून नावेनं समुद्राच्या तोंडाशी पलीकडे, दहेजजवळच्या मिठी तलाईला उतरतो आणि उत्तर तटावरून परत फिरतो. म्हणजे हा प्रवास नदीच्या मुखातून आहे, जिथे भरतीचा जोर पूर्ण आहे आणि तळ गाळाचा आहे.

ओहोटीला विमलेश्वरच्या बाजूला जाऊन बघा. नावा चिखलात बसलेल्या असतात, कुशीवर कललेल्या. पाण्याची कड दूर कुठेतरी चमकत असते आणि मधला सगळा पट्टा ओला, राखाडी, पाय ठेवला की घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत जाणारा. मग भरती लागते. आधी चिखलातल्या बारीक नाळ्या, म्हणजे पाण्याच्या चिंचोळ्या वाटा, भरतात, आवाज न करता. नाळीचं पाणी नावेच्या तळाला टेकतं, कललेली नाव हळूहळू सरळ होते, नांगराचा दोर सैल पडतो आणि मग एकदम ताणला जातो. खलाशी दोराकडेच बघत असतात. तो ताणला गेला म्हणजे नाव तरंगली.

आता तांडेलापुढे गणित असं आहे. नाव तरंगल्यावर काठाजवळचा उथळ भाग ओलांडायला पुरेसं पाणी फक्त भरतीच्या वरच्या टप्प्यात असतं. पुढे मुखातून जाताना प्रवाह सोबतीला हवा, निदान विरोधात नको. आणि पलीकडे मिठी तलाईला पोहोचेपर्यंत तिथेही उतरण्याजोगं पाणी शिल्लक हवं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतात तो अवधी लहान असतो आणि रोज पन्नास मिनिटांनी सरकतो. म्हणून कधी पहाटे, कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी बोलावणं येतं. भांगाच्या दिवसांत काठाजवळ पुरेसं पाणीच चढत नाही अशीही वेळ येऊ शकते, आणि मग थांबावं लागतं.

म्हणून कळकळीनं सांगतो: तांडेलाला घाई करू नका. "आमचं पुढचं आरक्षण आहे, आज काहीही करून सोडा" असं म्हणणारी माणसं असतात. पाण्याची वेळ तांडेलाच्या हातात नाही, आणि तुमच्या आग्रहाखातर त्यानं उशिरा नाव सोडली तर धोका नावेतल्या सगळ्यांना आहे.

एका तासात पाणी किती चढतं?

सगळे तास सारखे नसतात. एक जुना ढोबळ नियम आहे: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ नऊ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाऊण मीटर आणि तिसऱ्या तासात सव्वादोन मीटर. म्हणजे दर मिनिटाला जवळजवळ चार सेंटीमीटर. चिखलात फोटो काढत उभ्या असलेल्या माणसाला हे कळेपर्यंत मागची नाळी भरलेली असते.

नदीत वर गेलं की हा नियम बिघडतो. तिथे भरती कमी वेळात, उसळून येते आणि ओहोटी लांबत जाते. त्यामुळे आतल्या भागात "सहा तास आहेत" असं धरून चालू नका.

समोर काठ दिसतो, तरी नाव तिरकी का चालते?

प्रवाह आडवा ओढतो म्हणून. नाव सहा नॉटनं सरळ समोर निघाली आणि पाणी पाच नॉटनं उजवीकडे वाहत असलं, तर तासाभरात ती पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटरहून जास्त उजवीकडे गेलेली असेल. म्हणून तांडेल नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो आणि नाव खेकड्याच्या चालीनं सरकते. काठावरचं झाड आणि त्यामागचं देऊळ अशा दोन खुणा एका रेषेत धरून तो बघत राहतो. रेष मोडली की नाव वाहवतेय.

वळशाचं दुसरं कारण म्हणजे खोली. नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाशी पाणी खोल असतं आणि आतल्या बाजूला वाळू साठते. मुखाशी तर भरतीचं पाणी एका वाटेनं आत येतं आणि ओहोटीचं कित्येकदा दुसऱ्याच वाटेनं बाहेर पडतं, मध्ये वाळूचे पट्टे राहतात. नर्मदेच्या मुखातलं आलिया बेट अशाच गाळाचं आहे.

तांडेलाला खोल पाणी कसं कळतं?

नावेच्या पुढच्या टोकाला उभा खलाशी बांबू टाकून बघतो, अजूनही. बांबूचं टोक वर आलं की त्याला लागलेलं बघायचं: वाळू आहे की मऊ गाळ. मोठ्या बोटींवर ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र असतं, जीपीएस असतो. पण पाण्याचा पृष्ठभागही बरंच सांगतो. उथळ जागी लाटा आखूड आणि उभ्या होतात, पट्ट्याच्या कडेला पाण्याचा रंग बदलतो, दोन प्रवाह भेटतात तिथे फेसाची रेघ दिसते. भाडभूतचे मासेमार पावसाळ्यात पाला (हिलसा) माशाच्या मागे याच पाण्यात जातात. पूर येऊन गेला की पट्टे जागा बदलतात, आणि ते पहिल्यांदा यांना कळतं. मागच्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही, म्हणून स्थानिक माणसाला पर्याय नाही.

नाव रुतली तर काय होतं?

भरती चढत असताना रुतली तर फारसं बिघडत नाही. इंजिन बंद करून शांत बसायचं, पाणी वाढतं आणि नाव सुटते.

ओहोटीत रुतली तर पाणी दर मिनिटाला कमी होत असतं आणि पुढची भरती येईपर्यंत, कधी दहा-बारा तास, तिथेच राहावं लागतं. उधाणाच्या अगदी वरच्या पाण्यात उंच जागी चढली तर पुढच्या भरत्या रोज कमी कमी होत जातात, आणि पुढचं उधाण येईपर्यंत जवळजवळ पंधरा दिवस मोठं जहाज अडकून राहू शकतं. त्यामुळेच जाणता माणूस अनोळखी उथळ जागा ओहोटीत तपासायला जात नाही.

सर्वांत वाईट म्हणजे नाव आडवी रुतणं. तळ धरलेला आणि कुशीवर पाच नॉटचा प्रवाह, अशा वेळी ती उलटू शकते. नाव टेकतेय असं वाटलं की तांडेल आधी नाळ प्रवाहाकडे वळवायला धडपडतो, ते यासाठी.

मोठी जहाजं आत कशी येतात?

नकाशावर आणि घड्याळावर. सागरी नकाशे भारतात देहरादूनचं राष्ट्रीय जललेखन कार्यालय काढतं. त्यात लिहिलेली खोली ही जवळजवळ सर्वांत कमी ओहोटीची असते. त्यात त्या क्षणाची भरतीची उंची मिळवायची. नकाशात दोन मीटर आणि भरती आठ मीटर, म्हणजे दहा मीटर पाणी. जहाजाचा पाण्याखालचा भाग आठ मीटर असेल तर तळाखाली दोन मीटर उरले.

हे दोन मीटर मात्र कागदावरचे. उथळ पाण्यात जहाज वेगानं गेलं की त्याच्या तळाखालून पाणी जोरानं मागे सरकतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली बसतं. हे बसणं साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून वेग निम्मा केला की ते चौथ्या हिश्शावर येतं. शिवाय नदीचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं. आठ मीटर बुडणारं जहाज गोड्या पाण्यात आलं की आणखी पंधरा-वीस सेंटीमीटर खाली जातं. जहाजाच्या कुशीवर भार भरण्याच्या खुणा रंगवलेल्या असतात, त्यात गोड्या पाण्याची वेगळी रेघ असते ती याच कारणानं.

आत येणं आणि बाहेर जाणं यांत मोठा फरक आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. भरतीची लाट मुखाकडून वर सरकते. आत येणारं जहाज तिच्याबरोबरच चालतं, त्यामुळे त्याला वाढतं पाणी बराच वेळ मिळत राहतं. बाहेर जाणारं जहाज लाटेच्या उलट दिशेनं येतं. वर बंदरात पाणी पूर्ण भरेपर्यंत ते थांबलं, तर मुखाशी पोहोचेपर्यंत तिथलं पाणी केव्हाच उतरलेलं असतं. म्हणून भरलेलं जहाज कित्येकदा भरती पूर्ण व्हायच्या आधीच धक्का सोडतं, येणारा प्रवाह अंगावर घेत.

हे सगळं सांभाळायला बंदराचा पायलट जहाजावर चढतो. त्याला तिथलं पाणी पाठ असतं. कप्तान जबाबदारीतून सुटत नाही, पण वाट पायलट सांगतो. दहेजला नैसर्गिक वायूचं टर्मिनल २००४ पासून चालू आहे. तिथे टँकर धक्क्याला लावताना टग बोटी, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या लहान बोटी, त्याला धरून असतात.

पाण्यात लाल-हिरवे बोये असतात, ते कशाला?

वाटेच्या दोन कडा दाखवायला. भारतात समुद्राकडून आत येताना लाल बोया डावीकडे आणि हिरवा उजवीकडे ठेवायचा. बाहेर जाताना उलट. अरुंद वाटेत सगळ्यांनी आपल्या उजव्या कडेनं चालायचं, आणि २० मीटरहून लहान बोटींनी मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही. बिचाऱ्या जहाजाला त्या वाटेबाहेर पाणीच नसतं आणि ते पटकन थांबूही शकत नाही. पलीकडचं दिसत नाही अशा वळणावर एक लांब भोंगा वाजवतात.

पाण्याची भिंत येते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. आखाताच्या टोकाला आणि महीच्या मुखात उधाणाच्या वेळी भरतीचं पहिलं पाणी एका उभ्या लाटेच्या रूपात आत शिरतं. हुगळीतही असं होतं. उथळ तळामुळे लाटेचा पुढचा भाग मंदावतो, मागचं जास्त खोल पाणी त्याला गाठतं आणि फेसाळता कडा तयार होतो. आधी आवाज ऐकू येतो. लहान नावा अशा वेळी काठ सोडून खोल पाण्यात जातात आणि नाळ लाटेकडे करून उभ्या राहतात, कारण काठाजवळच लाट फुटते.

जुन्या काळी इंजिनाशिवाय जहाजं भरूचला कशी पोहोचत?

वाटाडे घेऊन. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी नोंदीत याचं वर्णन आहे, आणि ते आजच्या तांडेलालाही ओळखीचं वाटेल. राजाच्या चाकरीतले स्थानिक मासेमार मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, जहाजांना दोर लावून ओढत आणत. भरती लागली की निघायचं, ओहोटी लागली की नदीतल्या ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकायचा, पुन्हा भरतीला पुढे. पाणी अचानक गर्जत येतं आणि आडवी सापडलेली जहाजं उलटतात, हेही तिथे लिहिलेलं आहे.

त्याच्याही आधी, लोथलला दोनशे मीटरहून लांब विटांचं कुंड सापडलं. उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी ते भरतीच्या पाण्यावर चालणारी गोदी असल्याचं मांडलं. काही अभ्यासकांना ते पटत नाही. आज भावनगर बंदरात मात्र दरवाजे लावून आत पाणी अडवलेलं आहे, म्हणजे बाहेर ओहोटी असतानाही आतली जहाजं तरंगत राहतात. खंबात हे एकेकाळचं मोठं बंदर गाळानं भरून मागे पडलं.

दांडी यात्रेत गांधीजींनी मही कशी ओलांडली?

नावेनं आणि भरतीची वाट बघून. १९ मार्च १९३० च्या रात्री ते कंकापुऱ्याहून पलीकडे कारेलीला गेले. ओहोटीला तिथे पाण्यापेक्षा चिखलच जास्त, त्यामुळे रात्रीच्या भरतीची वेळ धरली गेली. तरीही दोन्ही काठांवर चिखल तुडवावा लागलाच. कारेलीचा रस्ता जंबुसरवरून आहे. कंबोईला जाल तेव्हा थोडी वाट वाकडी करून तो काठ जरूर बघा.

घोघा-दहेज फेरी का टिकली नाही?

गाळ. ही सेवा २२ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली. रस्त्यानं तीनशे किलोमीटरहून जास्त पडणारं अंतर पाण्यानं तीसेक किलोमीटर. बडोद्यातल्या भावनगरशी नातं असलेल्या घरांना केवढा आनंद झाला होता! पण दहेजच्या बाजूला पाण्याची खोली राखणं जमेना. एवढ्या जोराच्या प्रवाहात गाळ सतत फिरत असतो आणि खोदलेली जागा पुन्हा भरते. पुढे नोव्हेंबर २०२० पासून घोघा ते हजिरा अशी फेरी सुरू झाली.

अलंगला जहाजं किनाऱ्यावर चढवतात ती अशीच?

हो. मोडीत काढायचं जहाज उधाणाच्या भरतीला, स्वतःच्या इंजिनावर, सरळ किनाऱ्यावर घालतात. पाणी उतरलं की ते कोरड्यावर उभं. आखातातल्या प्रचंड चढ-उतारामुळे आणि सपाट उतरत्या किनाऱ्यामुळे हे तिथे जमतं.

आम्ही नुसते बसणारे. आम्ही काय लक्षात ठेवायचं?

लाइफ जॅकेट अंगात घाला, नुसतं मांडीवर ठेवू नका. खाली बसा आणि पलीकडचा काठ दिसला की सगळे एका बाजूला उठून जाऊ नका. आरती करायची असेल तर जागेवर बसून करा. नाव टेकल्यावर खलाशी सांगेपर्यंत उतरू नका, आणि चिखलात त्यानं जिथे पाय ठेवला तिथेच ठेवा. पाय रुतला तर जोरात उपसू नका, थोडं मागे रेलून हळूहळू सोडवा.

पौर्णिमा-अमावस्येला काठावर गर्दी असते आणि नेमकं त्याच सुमाराला पाण्याला सर्वाधिक ओढ असते. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा उभ्या आणि आखूड येतात, तेव्हा लहान मुलं आणि वयस्कर माणसं मध्यभागी बसवा. पोहता येणाऱ्यांनीही प्रवाहात उतरू नये. चांगला पोहणारा ताशी तीन-चार किलोमीटर जातो, आणि वर सांगितलेला प्रवाह अकरा.

आणि नाव आज सुटणार नाही असं तांडेलानं सांगितलं, तर आश्रमात जागा आहे का ते लगेच विचारून घ्या. संध्याकाळी उशिरा गर्दी वाढते.